आधी कमाई, मग नदीची सफाई?

चाकणवासी
पुण्यात मुठेवरच्या पुलावर जलपर्णीचे फोटो काढून 'बघा तुमचा विकास' म्हणणाऱ्यांसाठी लिहितोय. ग्रॉसमन आणि क्रूगर या अर्थतज्ज्ञांनी १९९५ साली अनेक देशांतल्या हवा-पाण्याच्या नोंदी तपासल्या. उत्पन्न वाढतं तसं प्रदूषण आधी वाढतं, मग उतरतं. बहुतेक प्रदूषकांचं हे वळण दरडोई वार्षिक उत्पन्न ८००० डॉलर (१९८५ च्या किमतींनी) व्हायच्या आतच आलेलं दिसलं. आमच्या घरात पहिला पक्का पगार चाकणच्या कारखान्यामुळे आला. त्यातून गॅस घेतला आणि आईची चुलीच्या धुरातून सुटका झाली. हे पर्यावरण नाही का?

भीमाकाठ
आईचं वाचून बरं वाटलं. पण मी इंदापूर तालुक्यातला. पुण्याचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत येतं, भीमेतून उजनीत. उजनीचं पाणी सोलापूर शहर पितं. पगार तुमच्याकडं, मैला आमच्याकडं. तुमचं उत्पन्न वाढून आमचं पाणी कसं निवळणार, एवढं सांगा.

हिशोबी पुणेकर
शुद्धीकरण केंद्राला पैसा लागतो हो. मुळा-मुठेसाठी जपान सरकारच्या जायका या मदतसंस्थेकडून कर्ज घ्यावं लागलं. ते फेडायचं, केंद्रं चालवायची, वीजबिल भरायचं, हे सगळं वाढत्या शहराच्या करांतूनच होणार. गरीब शहर नदी साफ करू शकत नाही.

रोज टेकडीवर
पैसा लागतो, मान्य. पण नुसत्या पैशानं होत नाही. ज्या दोघांचा दाखला वर दिलाय, त्यांनीच लिहिलंय की हे आपोआप घडतं असं मानायला आधार नाही. लोक मागणी करतात, कायदे कडक होतात, म्हणून घडतं. लंडनमध्ये १९५२ च्या धुरक्यात हजारो माणसं गेली, तेव्हा कुठे १९५६ चा स्वच्छ हवेचा कायदा आला. श्रीमंत शहर होतं ते! उलट आपल्याकडे शिसंयुक्त पेट्रोल २००० साली बंद झालं. तेव्हा आपण त्या ८००० डॉलरच्या जवळपासही नव्हतो.

आणि काही गोष्टी परत मिळतच नाहीत. पुण्यातली वेताळ टेकडी एकदा फोडली की पुढच्या पिढीनं कितीही कमावलं तरी ती उभी राहणार नाही. तिच्या पोटात मुरणारं पाणीही गेलं.

चाकणवासी
टेकडीचं पटलं, त्यावर वाद घालत नाही. पण कारखाने थांबवा म्हणाल तर आमच्या पोरांनी जायचं कुठे?

भीमाकाठ
थांबवा कोण म्हणतंय, दादा? आमचीबी पोरं तिकडंच कामाला आहेत. नव्या सोसायटीला भोगवटा प्रमाणपत्र देण्याआधी तिचं सांडपाणी कुठं जाणार ते बघा, एवढंच मागतोय. उन्हाळ्यात उजनीचं पाणी हिरवंगार पडतं. तेव्हा एकदा या. धरणाकाठी उभं राहून बोलू.