आईला टेस्टिंग मेन्यूला न्यायचे आहे, मुंबईत कुठे आणि कसे? सल्ला हवा

करवीरकन्या:
आईने कोल्हापुरात ३१ वर्षे खानावळ चालवली. पहाटे साडेचारला शेगडी पेटायची, भांडी आवरेपर्यंत रात्रीचे अकरा. गुडघ्यांनी साथ सोडली म्हणून गेल्या महिन्यात बंद केली. जन्मभर दुसऱ्यांना वाढणाऱ्या बाईला एकदा कोणी बसवून, एकेक पदार्थ समजावत वाढावे असे फार वाटते. नावाजलेल्या शेफच्या हातचे. म्हणजे टेस्टिंग मेन्यू, शेफनेच ठरवलेले छोटे छोटे पदार्थ एकामागून एक. दोन शेफ मिळून एका रात्रीपुरता स्वयंपाक करतात, अशी एक जाहिरातही पाहिली. आई शाकाहारी आहे, अंडेही खात नाही. उतरणार भावाकडे डोंबिवलीला. कुठे न्यावे? ती अवघडून तर जाणार नाही ना?

गिरणगावकर:
महालक्ष्मीचे मास्क नावाचे रेस्टॉरंट. २०१६ साली जुन्या लोकरीच्या गिरणीच्या आवारात सुरू झाले. दहा पदार्थांचा क्रम ठरलेला असतो, शाकाहारी वेगळा मिळतो. सुरुवातीला तिथे प्रतीक साधू होते, काश्मीरचे. लडाखच्या सीबकथॉर्नसारख्या (आंबट नारिंगी बोरांसारखे फळ) हिमालयातल्या जिनसा त्यांनी ताटात आणल्या. आता ते कसौलीजवळ नार नावाचे रेस्टॉरंट चालवतात आणि मास्कचे स्वयंपाकघर वरुण तोतलानी सांभाळतात. २०२३ च्या आशियातल्या पन्नास उत्तम रेस्टॉरंटांच्या यादीत मास्क सोळावे होते. दोघींचे दहा हजारांच्या पुढे जातील असे धरून चला.

ओले_काजू:
ताई, जागा कुठलीही निवडा, पण बुकिंग करतानाच काउंटरजवळची, स्वयंपाकघर दिसेल अशी जागा मागा. मी बाबांना अशाच एका जेवणाला नेले होते. आमची वेंगुर्ल्याला काजूची बाग. पहिले दोन पदार्थ बाबा गप्प राहून खात होते. तिसऱ्याला बशीत चार ओले काजू आले, खाली नारळाचा पातळ रस, वरून कोकमाच्या आगळाचे थेंब. बाबांनी एक काजू बोटांत धरला, साल कशी काढली आहे ते निरखले आणि समोरच्या मुलाला विचारले, "चीक हाताला लागला नाही का रे?" त्या मुलाने तळवे पुढे केले. बोटांची टोके काळी पडलेली, कातडी सोललेली. तिथून पुढे बाबा नि तो मुलगा बोलतच राहिले. बिब्ब्यासारखा भाजणारा तो चीक, खोबरेल लावून काजू सोलायची आमच्याकडची पद्धत, सगळे निघाले. शेफ स्वतः बाहेर येऊन ऐकत उभे राहिले.

तुमच्या आईंनी ३१ वर्षे चव सांभाळली आहे. त्या अवघडणार नाहीत. त्यांना हात चालताना दिसू देत, एवढेच बघा. आणि ब्रेड आला की थोडाच खायला सांगा, तो चांगला असतो म्हणून पोट तिथेच भरते. मग शेवटचे पदार्थ जड जातात.

सोमवारपेठ:
एक कळकळीची विनंती. नुसते 'शाकाहारी' लिहू नका. 'अंडे नाही, मासे-मांसाचा स्टॉक नाही, जिलेटिन नाही' असे फोडून लिहा. स्टॉक म्हणजे हाडे-मांस उकळून काढलेले पाणी, जिलेटिन जनावरांच्या हाडा-कातड्यांपासून होते. मी एका ठिकाणी हे टेबलावर बसल्यावर सांगितले आणि सासूबाईंच्या वाट्याला शेवटी गोडाऐवजी कापलेली फळे आली. त्यांचाही इलाज नव्हता, तयारी दोन-दोन दिवस आधीपासून चालते. मला आजही वाईट वाटते.

गिरणगावकर:
बरोबर. म्हणूनच दोन शेफचे जेवण पहिल्या वेळी नको. पाहुण्या शेफचा मेन्यू त्या रात्रीपुरताच असतो, त्यात बदलाला वाव कमी. पैसे बहुधा आधीच भरावे लागतात. आईंना पदार्थ स्वतः निवडायला आवडत असेल तर कमला मिल्समधले बॉम्बे कँटीन बघा. फ्लॉइड कार्डोझ यांच्या मार्गदर्शनाखाली २०१५ साली उघडले, आपल्याच प्रांतोप्रांतीचे पदार्थ नव्या रूपात. पण वाढून घेण्याचे सुख हवे तर टेस्टिंग मेन्यूच.

ओले_काजू:
वेळ सातची घ्या. अडीच-तीन तास सहज जातात. महालक्ष्मीहून दादरला गाडी बदलून डोंबिवली, गुडघे दुखत असतील तर दादरपर्यंत टॅक्सी करा. दुपारी हलके खा, पण उपाशी नेऊ नका.

करवीरकन्या:
सगळ्यांचे मनापासून आभार. मास्कला लिहिले आहे. अंडे, स्टॉक, जिलेटिन वेगवेगळे नमूद केले, सातची वेळ आणि स्वयंपाकघर दिसेल अशी जागा मागितली. आईने खानावळ चालवली हेही लिहिले. उत्तर आले की इथेच कळवते.