एमए इतिहासला जायचंय, राहण्याखाण्याच्या पैशाचं कसं जमवायचं?

हळदपेठ_सांगली
यंदा बीए इतिहास झालं, 78 टक्के पडले. एमए कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठातच करायचंय. वडील मार्केट यार्डात हळदीची पोती उचलतात, फीचं बघतो म्हणाले पण खोली आणि मेसचे दर महिन्याला कुठून आणायचे. रोज जाऊनयेऊन करावं तर अर्धं तिकीट असलं तरी एसटीतच तीन तास जातात, वाचायचं कधी? मामा म्हणतात बीएड कर, आर्ट्सच्या एमएला कोण पैसे देतंय. मुलींना फी माफ झालीय ती एमएला पण आहे का? कोणाला स्कॉलरशिप मिळाली असेल तर प्लीज सांगा.

वारणाकाठ
ताई, ती 2024 ची फीमाफी इंजिनिअरिंग, मेडिकल असल्या व्यावसायिक कोर्सेसना आहे, एमए त्यात बसत नाही, तिच्यावर विसंबू नका. यूजीसीची पीजी स्कॉलरशिप बघा, नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर फॉर्म असतो. महिन्याला 15,000, वर्षातले 10 महिने, दोन्ही वर्षं. देशभरात 10,000 जागा, त्यातल्या निम्म्या ह्युमॅनिटीजला आणि 30 टक्के मुलींना. ग्रॅज्युएशनच्या मार्कांवर निवड होते. पहिल्या वर्षाला रेग्युलर ॲडमिशन लागतं, बाहेरून एमए चालत नाही. मामांना हे आकडे दाखवाच.

साताराकर_ताई
वरचं सगळं बरोबर, पण अगं आधी बँकेत जा. खातं आधारला लिंक असणं वेगळं आणि सीडिंग, म्हणजे आधारवरून पैसे कोणत्या एका खात्यात पडायचे त्याची नोंद, वेगळं, सरकारी पैसे सीडिंग असलेल्या खात्यातच पडतात. माझं सीडिंग शाळेत असताना काढलेल्या खात्याला होतं, एमएचं अख्खं वर्ष मी नव्या पासबुकात एंट्री मारून बघत होते आणि पैसे तिकडं जुन्या खात्यात पडून, मेसवाल्या काकूंनी उधारीवर जेवू घातलं म्हणून निभावलं. आणि फॉर्म भरला की कॉलेजच्या लॉगिनवरून पुढं गेला का ते स्वतः ऑफिसात जाऊन विचार, माझा पहिल्या वर्षी तिथंच अडकलेला. उत्पन्नाचा दाखला आत्ताच काढून ठेव, ॲडमिशनच्या दिवसांत सेतूत उभं राहायला जागा नसते. राखीव प्रवर्गातली असशील तर राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर पोस्ट मॅट्रिक स्कॉलरशिप पण भर, एससी असशील तर राहण्याजेवणासाठी समाजकल्याणची स्वाधार योजना आहे.

रयतचा_पोरगा
स्कॉलरशिपचे पैसे उशिरा येतात, तोवर काय खायचं ते आधी ठरवा. विद्यापीठात कमवा आणि शिका योजना आहे, काम करून शिकायचं, ॲडमिशन झाल्या झाल्या त्याची चौकशी करा. कर्मवीर भाऊराव पाटील अण्णांनी 1947 ला साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज काढलं तेच ह्या तत्त्वावर. मी तिथलाच, सकाळी साडेपाचला बागेला पाइपनं पाणी घालायचो, पायाला चिखल तसाच घेऊन पहिल्या तासाला बसायचो, कोणी कधी नाव ठेवलं नाही. एमएच्या शेवटच्या वर्षी प्राध्यापकीसाठीची नेट परीक्षा देता येते, तिच्यातून जेआरएफ ही संशोधनाची फेलोशिप निघाली की पीएचडीला महिन्याला 37,000 आहेत, सिलॅबस आतापासून बघत रहा.

हळदपेठ_सांगली
खूप खूप आभार सगळ्यांचे. ताई, आज दुपारीच बँकेत जाऊन आले, माझं सीडिंग पण अकरावीतल्या खात्याला निघालं, बदलायचा फॉर्म देऊन आले. उद्या वडलांची सुट्टी आहे, दोघं सेतूत जातोय दाखल्याला.