लंडनमधली १४ चौरस मीटरची खोली: दोघांना पुरते की नाही?

'खिडकीलगत', 'सामानसुमान' आणि 'ओलाकोपरा' या टोपणनावांनी तिघे यावर वाद घालताहेत.

खिडकीलगत: सिटिझनएम ही हॉटेलांची साखळी भारतीय वंशाच्या रतन चढ्ढांनी काढली. पहिलं हॉटेल २००८ साली ॲमस्टरडॅमच्या स्खिपोल विमानतळापाशी उघडलं. खोली साधारण १४ चौरस मीटरची, म्हणजे दीडशे चौरस फूट. त्यात २×२ मीटरचा पलंग, भिंतीपासून भिंतीपर्यंत, खिडकीला टेकवलेला. लंडनचं एक हॉटेल तर शहराच्या मध्यातल्या टॉवर हिल स्टेशनला खेटूनच आहे. तीन-चार रात्रींसाठी मोठ्या खोलीच्या हव्यासाने झोन ४, म्हणजे मध्यापासून लांबचा भाग गाठून रोज जाता-येता दीड-दोन तास घालवणं मला पटत नाही. बसायला खालची लॉबी आहेच.

सामानसुमान: दोघांचं म्हणताय, मग बॅगांचं गणित मांडा. २८ इंची बॅग पुस्तकासारखी उघडली की ७५×१०० सेंटिमीटर जमीन खाते. दोन उघडल्या की दारापर्यंत जायला वाट उरत नाही. शिवाय पलंगाला उतरायची बाजू एकच. खिडकीकडे झोपलेल्याला रात्री उठायचं तर दुसऱ्याला ओलांडायचं, नाहीतर पायथ्याकडून सरपटायचं. गुडघे दुखणाऱ्या आईवडिलांसाठी ही खोली घेऊच नका.

खिडकीलगत: आईवडिलांचं मान्य. पण बॅगेचा दोष खोलीवर का? माणशी एक २० इंची, वरून झाकण उघडणारी बॅग घ्या. ती अर्ध्या जागेत उघडते. मोठी बॅग रिसेप्शनला ठेवायला द्या. हब बाय प्रीमियर इन या दुसऱ्या साखळीत तर ११.४ चौरस मीटरच मिळतात, तिथेही लोक राहतातच की.

ओलाकोपरा: राहतात, पण कपडे वाळवायला जाऊ नका. खिडकी उघडत नसेल आणि जीन्स धुऊन टांगली, तर सकाळी ती ओलीच मिळते आणि काचेवर पाणी साचतं. दुसरी अडचण न्हाणीघराची. बऱ्याच खोल्यांत ते खोलीतच उभं केलेलं काचेचं खोकं असतं. नवरा-बायकोला चालेल, दीर-भावजय किंवा ऑफिसातले दोघे असतील तर अवघड आहे. तशांनी दोन खोल्या घ्याव्यात, आणि मग छोटी खोली घेऊन पैसे वाचवण्याचा मुद्दाच संपतो!

सामानसुमान: आणि सिटिझनएमच्या 'डिझाइन'चं कौतुक करायचं तर बेतानेच करा. त्यांच्या बऱ्याच हॉटेलांच्या खोल्या कारखान्यात बनून येतात. न्यूयॉर्कच्या बावरी भागातलं २०१८ सालचं हॉटेल असंच रचलंय. ट्रेलरवरून नेता येईल तेवढीच खोलीची रुंदी. पलंग आडवा आहे तो त्यामुळे.

खिडकीलगत: असू दे की! त्याच पद्धतीमुळे गादी चांगली, शॉवरला जोर आणि खोली शांत मिळते. रुंदीच खुपत असेल तर योटेल ही हॉटेलांची साखळी बघा. तिथल्या बऱ्याच खोल्यांत बटण दाबलं की पलंग दुमडून सोफा होतो. फक्त बॅग उघडण्याआधी तो दुमडा, नंतर जागा सापडत नाही.