मदत हवी आहे: शेजारच्या कमर्शियल इमारतीचं सामासिक अंतर (इमारत आणि कंपाउंडमधली मोकळी जागा), कम्प्लिशनआधी काय करता येईल? (नाशिक)

नमस्कार मंडळी,

इंदिरानगरात आमचं बैठं घर आहे, सासऱ्यांनी १९९१ साली बांधलेलं. शेजारच्या प्लॉटवरही तसंच घर होतं, आणि आमच्या बाजूला दोन मोठे कडुनिंब. प्लॉट विकला गेला, घर पाडलं, झाडंही गेली. आता तिथे सहा मजली कमर्शियल इमारत आहे. खाली हॉटेल सुरूही झालंय, वर बँक्वेट हॉल होणार म्हणतात. वरचं काम अजून चालू आहे.

इमारत नको असं आमचं म्हणणं नाही. रस्ता रुंद झाला, धंदा येणारच. आमचा प्रश्न मधल्या पट्ट्याचा आहे. वॉचमनला विचारून टेपने मोजलं, त्यांची भिंत ते कंपाउंड साडेचार मीटर भरलं. पण त्यात पत्र्याची शेड टाकून सिलिंडर, खरकट्याचे ड्रम आणि जनरेटर ठेवलाय. किचनच्या धुराड्याचं तोंड नेमकं आमच्याकडे. संध्याकाळी तुळशीच्या पानावरून बोट फिरवलं तर तेलकट चिकटतं. सासूबाई ७९ वर्षांच्या आहेत, रोज ओट्यावर बसून वाती वळायच्या. दोन महिने झाले, दार लावून आतच असतात. रात्री लाइट गेले की जनरेटरमुळे खिडकीची काच थरथरते.

हे मालकांशी दोनदा बोलले. "सगळं सँक्शन आहे" एवढंच उत्तर मिळालं. विभागीय कार्यालयात अर्ज दिला, तर तिथून नगररचनाकडे पाठवलं. महापालिकेच्या मुख्यालयात, राजीव गांधी भवनात, दोन खेपा झाल्या, साहेब साइटवर.

या पट्ट्यात असं काही ठेवता येतं का? झाडांची रांग किंवा उंच भिंत शेजारी म्हणून मागता येते का? हॉल सुरू झाल्यावर आमचं कोण ऐकणार, म्हणून घाई आहे.

प्रतिसाद:
ताई, तोंडी बोलणं थांबवा, सगळं लेखी करा. आधी माहिती अधिकारात, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून, मंजूर नकाशा आणि भोगवटा दाखल्याची (इमारत वापरायच्या परवानगीची) प्रत मागा. भागशः भोगवटा तरी दिलाय का हेही विचारा. उत्तराची मुदत ३० दिवस. नकाशात शेड नसेल तर ते अनधिकृत बांधकाम, एमआरटीपी कायद्याच्या (महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायदा) कलम ५३ खाली महापालिकेला नोटीस काढायला सांगा. जनरेटरची जागा नकाशात कुठे आहे तेही बघा. २०२० च्या युडीसीपीआरमध्ये (राज्याची बांधकाम नियमावली) उंच इमारतीचं बाजूचं अंतर साधारण उंचीच्या एक पंचमांश धरतात, पण सभागृहासारख्या वापराचे निकष वेगळे आहेत. त्यामुळे हॉल नकाशात हॉल म्हणूनच आहे ना, हे नक्की तपासा.

आवाजाचं वेगळं प्रकरण करा. निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ मर्यादा ४५ डेसिबल. जनरेटरला बंदिस्त पेटी लागते, एक मीटरवर ७५ डेसिबलच्या आत. त्याचा धूर इमारतीच्याही वर सोडावा लागतो, १०० केव्हीए क्षमतेच्या जनरेटरला दोन मीटर वर. खाली पट्ट्यात सोडत असतील तर फोटो काढून प्रदूषण नियंत्रण मंडळाला द्या.

धागाकर्ती:
खूप आभार दादा. कलम ५३ आम्हाला माहीतच नव्हतं. धुराची नळी आत्ताच बघून आले, शेडच्या पत्र्यातून जेमतेम हातभर वर आहे. फोटो काढलाय, सोमवारी माहिती अधिकाराचा अर्ज देते.

अजून एक विचारायचंय. १९७५ च्या वृक्ष कायद्यात तोडीच्या परवानगीबरोबर बदली झाडं लावायची अट असते ना? ती त्याच साडेचार मीटरच्या पट्ट्यात लावून घ्या असं उद्यान विभागाला सांगता येईल का? कोणी असं करून घेतलं असेल तर अर्जात काय लिहिलं होतं ते कळवा. सासूबाई रोज विचारतात, कडुनिंब परत लावणार का म्हणून.