जूनटीन्थ: राष्ट्रीय सुट्टी, मग कंपन्या चालू कशा?

प्रश्न: अमेरिकेत गुलामगिरी संपल्याची आठवण म्हणून १९ जूनची (जूनटीन्थची) सुट्टी २०२१ च्या कायद्याने लागू झाली. तरी खासगी ऑफिसं उघडी का?

उत्तर १: तो कायदा फक्त केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांना बांधतो. राज्यांना आपापला कायदा करावा लागतो. टेक्सासमध्ये १९८० पासूनच सुट्टी आहे. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांना तारीख शनिवारी आली तर सहसा शुक्रवारी सुट्टी, रविवारी आली तर सोमवारी.

उत्तर २: तारीख नीट समजून घ्या. राष्ट्राध्यक्ष लिंकन यांची गुलामांच्या मुक्तीची घोषणा १ जानेवारी १८६३ ची. टेक्सासमधल्या गॅल्व्हेस्टनला केंद्राच्या सैन्यातल्या जनरल ग्रेंजरचा, गुलाम मुक्त झाल्याचं सांगणारा हुकूम क्रमांक ३ निघाला १९ जून १८६५ ला. त्यातच ‘आहात तिथेच राहा, मजुरीवर काम करा’ असाही सल्ला होता! जूनटीन्थच्या कार्यक्रमात तो हुकूम पूर्ण वाचाच.

उत्तर ३: केंटकी, डेलावेअर या राज्यांत तर गुलामगिरी डिसेंबर १८६५ च्या तेराव्या घटनादुरुस्तीनेच संपली.