अभयारण्यातल्या तलावाचा पट्टा संपला, आता काय करावं?

ढिवराचा पोरगा (अर्जुनी मोरगाव)
नमस्कार जी. गावाजवळचा मालगुजारी तलाव (जुन्या मालगुजारांच्या काळातला) आजोबांच्या वेळेपासून आमच्या मच्छीमार सोसायटीकडे ठेक्यानं, म्हणजे पट्ट्यानं, आहे. मुदत संपली की रक्कम भरायची, नवा कागद घ्यायचा, असंच चालत आलं. मधल्या काळात तलाव अन् आजूबाजूचं जंगल अभयारण्यात गेलं. मार्चमध्ये मुदत संपली. अर्ज घेऊन गेलो तर साहेब म्हणाले, “संरक्षित क्षेत्रात पट्टा वाढवून मिळत नाही.” लेखी द्या म्हटलं, तर तेही दिलं नाही. पाण्यातली बेशरमाची झुडपं आम्ही उपटली, पाळ आम्ही सावरली. पोळ्याच्या आत बोटुकली (माशांची पिल्लं) टाकली नाही तर 42 घरांचं साल जाते. कायदा खरंच असा आहे का?

कोर्टवाले काका (साकोली)
भाऊ, तलाव नेमका कशात गेला ते पाहायला आधी राजपत्राची प्रत काढा. अभयारण्य अन् राष्ट्रीय उद्यान यांत फार फरक आहे. 1972 च्या वन्यजीव कायद्याच्या कलम 24 खाली जिल्हाधिकारी मुख्य वन्यजीव रक्षकांशी सल्लामसलत करून अभयारण्यातला जुना हक्क चालू ठेवू शकतात. राष्ट्रीय उद्यानात ती वाट कलम 35 नं बंद केली आहे. म्हणून “संरक्षित क्षेत्र” हे मोघम उत्तर ऐकून परत येऊ नका.

पण नुसत्या पट्ट्यावर भिस्त ठेवू नका. 1986 मध्ये अंबिका क्वारीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की वनजमिनीवरचा खाणपट्टा 1980 च्या वन संवर्धन कायद्याच्या आधीचा असला तरी नूतनीकरणाला केंद्राची मंजुरी लागते. तलावाची जमीन वनखात्याची निघाली तर हाच निकाल तुमच्यापुढे ठेवतील.

कोरचीची ताई
दादा, मी तर म्हणते ठेका मागूच नका, हक्क मागा. 2006 च्या वनहक्क कायद्याच्या कलम 3 मध्ये पाण्यातल्या मासोळीचा सामूहिक हक्क आहे, आणि त्या कायद्यात वनजमीन म्हणजे अभयारण्य, राष्ट्रीय उद्यानसुद्धा. दावा ग्रामसभेत टाका. त्याला नूतनीकरण नसते, हे मला सगळ्यात मोठं वाटते.

तुम्ही ढिवर, म्हणजे त्या कायद्याच्या भाषेत “इतर पारंपरिक वननिवासी”. 13 डिसेंबर 2005 च्या आधीच्या तीन पिढ्यांचा, म्हणजे 75 वर्षांचा, तिथला रहिवास दाखवावा लागेल. जुन्या बंदोबस्ताचे, म्हणजे जमीन मोजणी-महसुलाचे, गावाचे कागद शोधा: वाजिब-उल-अर्ज अन् निस्तार पत्रक. तलावाच्या पाण्याचे, मासोळीचे रिवाज त्यात लिहिलेले असतात.

ढिवराचा पोरगा
ताई, वाजिब-उल-अर्जाचं नाव आजीच्या तोंडून ऐकलं होतं, कागद कधी पाहिला नाही. तिचा जबाब चालेल का? नव्वदीची आहे, सासूसोबत त्याच तलावात जाळं टाकायची.

कोरचीची ताई
आजी दावेदाराच्या घरची, तिच्या एकटीवर भागणार नाही. दाव्यात नसलेल्या म्हाताऱ्या माणसाचा लेखी जबाब पुरावा म्हणून धरतात. एका पुराव्यावर राहू नका, कागद अन् जबाब दोन्ही जोडा.

ढिवराचा पोरगा
कोहळी समाजाच्या आळीत एक बुवा आहेत, त्यांच्या वडिलांनी आमच्या पणज्याकडून मासोळी घेतलेली. आज सांजेला त्यांच्याकडे वही घेऊन बसतो. सोमवारी रेकॉर्ड रूममध्ये.