सदाफुलीची पानं नकोत

कीमो चालू असताना रोज सकाळी सदाफुलीची चार पानं चावून खावीत, असं वर एका ताईंनी सुचवलंय. कृपया नको! आमच्या बडोद्यात दांडिया बाजारात कुंड्याकुंड्यांतून ही 'बारमासी' फुललेली असते, आणि माझ्या मावशीलाही शेजारच्या बेनने हाच सल्ला दिला होता. प्रेमानेच.

सदाफुलीत औषध आहे, नाकारत नाही. १९५०च्या दशकात कॅनडात नोबल आणि बीअर हे संशोधक मधुमेहावर उपाय म्हणून तिचा अर्क उंदरांवर तपासत होते. साखर ढिम्म हलली नाही, रक्तातल्या पांढऱ्या पेशी मात्र धडाधड घसरल्या. त्यातूनच विनब्लास्टिन हे कर्करोगावरचं औषध मिळालं. आता विचार करा, कीमोने पेशी आधीच कमी झालेल्या बाईने वर अंदाजपंचे पानं खायची? दवाखान्यात तेच औषध शुद्ध करून, मिलिग्रॅममध्ये मोजून, फक्त शिरेतून देतात.

मावशीला स्तनाच्या कर्करोगासाठी पॅक्लिटॅक्सेल मिळालं. तेही झाडाचंच, अमेरिकेतल्या यू वृक्षाच्या सालीतलं. त्याची रचना १९७१मध्ये उलगडणाऱ्यांत मनसुख वाणी होते, जन्म आपल्या नंदुरबारचा. (बडोद्याहून सुरतमार्गे गाडीने गेलं की आलंच!) पण रचना कळल्यावरही अमेरिकेत अंडाशयाच्या कर्करोगासाठी मंजुरी मिळायला १९९२ उजाडलं.

मावशीने शेवटी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "फुलं देवाला वाहा, पानं झाडावरच राहू द्या."